दुर्मिळ क्रौंचांचा हिवाळी दाणा: चालू ठेवायचा की बंद करायचा?

गाळपाय (धागाकर्ता)

दुर्मिळ स्थलांतरित क्रौंचांना हिवाळ्यात मका, गहू, भात टाकून जगवण्याची पद्धत आता टप्प्याटप्प्याने बंद करावी, असं माझं मत आहे. विरोध होणार हे माहीत आहे, म्हणूनच धागा काढलाय.

माझा आक्षेप दाण्यापेक्षा त्यामुळे होणाऱ्या दाटीवर आहे. जपानच्या क्यूशू बेटावर इझुमी नावाचं भातखाचरांचं मैदान आहे. जगातले बहुतेक हूडेड क्रौंच आणि पांढऱ्या मानेच्या क्रौंचांपैकी मोठा हिस्सा तिथे हिवाळा काढतो. १९५० च्या दशकापासून तिथे दाणा पडतो, शेतात मुद्दाम पाणी भरून रातथारे (रात्र काढायच्या जागा) तयार करतात. १९९७ पासून हिवाळी मोजणी सलग दहा हजारांच्या वर राहिली, त्याचं कौतुकही भरपूर झालं. मग २०२२-२३ च्या हिवाळ्यात एच५एन१ बर्ड फ्लू शिरला आणि तेराशेहून जास्त क्रौंच मेले, त्यात बहुतेक हूडेड. त्याच्या आदल्या हिवाळ्यात, डिसेंबर २०२१ मध्ये, इस्राएलच्या हुला खोऱ्यात पाच हजारांहून जास्त साधे क्रौंच गेले होते. तिथेही पिकं वाचवायला पक्ष्यांना मका टाकत. साधा क्रौंच लाखांनी आहे, त्यामुळे जात म्हणून त्याने तो फटका सोसला. हूडेड जगात सगळे मिळून पंधरा-सोळा हजारांच्या घरात.

हे होतं कसं तेही पाहा. क्रौंचाचं मागचं बोट आखूड आणि वर चढलेलं असतं, फांदी पकडता येत नाही. म्हणून कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचायला तो रात्र घोट्याएवढ्या-गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहून काढतो. दाण्यामागे बदकं आणि कावळेही येतात. बदकांच्या विष्ठेतून विषाणू पाण्यात उतरतो आणि थंड पाण्यात बराच काळ जिवंत राहतो. संध्याकाळी हजारो क्रौंच त्याच पाण्यात उतरतात, तेच पितात आणि सकाळी तिथून थेट दाण्याच्या पट्ट्यावर जाऊन चोचीला चोच लावून खातात.

तोच पैसा आणि तेच मनुष्यबळ उथळ पाणथळी राखायला लावा. टेक्ससच्या किनाऱ्यावर, अरान्ससला हिवाळा काढणाऱ्या व्हूपिंग क्रौंचांचं उदाहरण घ्या. १९४१ मध्ये ते जेमतेम १५-१६ उरले होते, आज पाचशेच्या वर आहेत, आणि हे कायमस्वरूपी खाद्यकेंद्र न चालवता घडलं.

सुगीनंतर

साफ असहमत.

जपानच्या होक्काइदो बेटावरचे लाल डोक्याचे क्रौंच संपले असं धरून चाललेले होते. १९२४ मध्ये कुशिरोच्या दलदलीत मोजके सापडले आणि १९५२ च्या मोजणीत भरले ३३. त्या कडक हिवाळ्यात शेतकऱ्यांनी मका टाकायला सुरुवात केली. आज तिथे अठराशेच्या वर पक्षी आहेत. तेव्हा कुणी 'आधी अधिवास सुधारू' म्हणत बसलं असतं तर सुधारलेला अधिवास बघायला पक्षीच उरले नसते.

दुसरं. 'पाणथळ राखा' हे वाक्य नकाशावर कुठे उतरवणार? इझुमीची शेतं समुद्र हटवून केलेली आहेत. मूळची चिखलपुळण गेली ती परत येणार नाही. पक्षी भाताच्या धसकटात सांडलेल्या दाण्यावर जगायचा, पण आता कापणी यंत्राने होते आणि सांड फार कमी उरते. कोरियात चोरवोनला तर पेंढ्याचे गोळे बांधून गुरांच्या खाद्यासाठी उचलतात, त्या पेंढ्याबरोबर दाणाही जातो. वर शरदातच नांगरट झाली की उरलासुरला दाणा मातीखाली. अशा ठिकाणी खाद्यकेंद्र म्हणजे हिरावून घेतलेल्या खाद्याची भरपाई आहे, त्यात चैन कसली?

तिसरं, शेतकरी. दाणा बंद केला की पक्षी उपाशी बसणार नाही, शेजारच्या भाजीपाल्यात आणि कोवळ्या गव्हात उतरणार. चार हिवाळे नुकसान झालं की ज्या लोकांनी पक्षी जपला तेच फटाके फोडतील.

लव्हाळा

तुम्ही दोघेही 'क्रौंच' म्हणून सगळ्या जाती एकाच टोपलीत टाकताय. सगळ्यात धोक्यात असलेल्या सायबेरियन क्रौंचाचं काय? त्याला धान्याची सवय मुळात नाही.

हा सगळ्या क्रौंचांत सर्वांत पाणवठ्याचा. चोच इतरांपेक्षा लांब, कडेला बारीक दातेरी, म्हणजे निसरडा कंद सुटत नाही. खाताना तो मांडीपर्यंत पाण्यात उभा राहतो, डोकं पूर्ण पाण्याखाली घालतो आणि एकाच जागी चोच फिरवत गाळात फनेलसारखा खड्डा करतो. कंद मिळाला की वर येऊन पाण्यात खंगाळतो आणि गिळतो. मग पाऊलभर पुढे. पाणी साधारण अर्धा मीटरच्या वर गेलं की चोच गाळापर्यंत पोचत नाही. पाणी पूर्ण उतरून गाळ वाळला की चोच शिरत नाही. या दोन टोकांच्या मधली अरुंद पट्टी हाच त्याचा अधिवास, आणि ती पट्टी हिवाळाभर पाण्याच्या कडेबरोबर सरकत राहते.

म्हणून चीनमधलं पोयांग सरोवर त्याला मानवतं. जवळजवळ सगळेच सायबेरियन क्रौंच तिथे हिवाळा काढतात. उन्हाळा-हिवाळ्यातल्या पाणीपातळीत आठ-दहा मीटरचा फरक पडतो. उन्हाळ्यात तीन हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं सरोवर हिवाळ्यात हजाराच्या आत येतं आणि उतरत्या पाण्याबरोबर रोज नवी उथळ पट्टी उघडी होते. फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया तिथे तळाशी वाढते, तिचे कंद हे मुख्य अन्न. पण हे कंद धरतात उन्हाळ्यात. २०१० च्या उन्हाळ्यात पूर आला, पाणी खोल आणि गढूळ राहिलं, तळाशी ऊन पोचलं नाही, कंद जवळपास धरलेच नाहीत. त्या हिवाळ्यात पक्षी पाणी सोडून ओल्या गवताळ भागात आले आणि तिथल्या छोट्या रोपांची मुळं, रानट्युलिपचे कंद उकरू लागले. हे त्यांच्या बाबतीत फार विचित्र वर्तन आहे.

हिवाळ्यात दुष्काळ पडला की उपासमार, हे सरळ कुणालाही कळतं. इथे सहा महिने आधीचा पूर हिवाळ्यात उपाशी ठेवतो, आणि ते डिसेंबरमध्ये पाणी मोजून कळत नाही. सप्टेंबरमध्ये गाळाचे नमुने काढून, चाळून, चौरस मीटरला किती कंद आहेत ते मोजावं लागतं.

उत्तरवारा

सुगीनंतर, होक्काइदोचं उदाहरण इथे लागू होत नाही. ते पक्षी स्थलांतर करतच नाहीत. उन्हाळ्यात दलदलीत घरटं, हिवाळ्यात त्याच बेटावरच्या खाद्यकेंद्रावर, एवढाच त्यांचा प्रवास. मुख्य भूमीवरचे लाल डोक्याचे क्रौंच अमूर खोऱ्यातून चीनच्या यानचेंग किनाऱ्यावर आणि कोरियाच्या सीमापट्ट्यात येतात. त्यातले यानचेंगला येणारे १९९० च्या दशकाच्या अखेरीस हजाराच्या आसपास होते, पुढे निम्म्यावर घसरले. कारण मत्स्यतळी, भराव आणि बाहेरून आलेलं स्पार्टिना गवत. किनाऱ्यावर या गवताचं घट्ट रान माजलं की क्रौंचाला उतरायला मोकळा चिखल राहत नाही. तिथे कितीही मका टाका.

आणि व्हूपिंगबद्दल धागाकर्त्याने सोयीपुरतं सांगितलं. अरान्ससचा पक्षी निळे खेकडे आणि वुल्फबेरीची फळं खातो. खेकडा जगतो ग्वादालुपे आणि सॅन अँटोनियो नद्यांतून येणाऱ्या गोड्या पाण्यावर. पाणी वर अडवलं की खाजण खारट होतं. क्षारता दर हजारी २३ भागांच्या पुढे गेली की पक्ष्याला पिण्यासाठी आतल्या गोड्या तळ्यांपर्यंत रोज उडावं लागतं, आणि आधीच खेकडे कमी असताना ऊर्जा अशी खर्ची पडते. २००८-०९ च्या दुष्काळात २३ पक्षी गेल्याचा अंदाज होता. त्यावरून खटला झाला. २०१३ मध्ये खालच्या न्यायालयाने पाणीवाटप करणाऱ्या यंत्रणेला जबाबदार धरलं, २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. तेव्हा 'दाणा नको, पाणी द्या' म्हणायला सोपं आहे. पाणी कुणाच्या वाट्यातून कापायचं, हे ठरवताना सगळे घसरतात.

गाळपाय

उत्तरवारा, ते मान्यच. पण तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने जातं. खेकडे कमी पडले तर मका टाकणं हा उपाय नाही, नदीत पाणी सोडणं हा उपाय आहे.

मका पोषण म्हणूनही अपुरा. ऊर्जा भरपूर, प्रथिन आणि कॅल्शियम कमी. नेब्रास्कात प्लॅट नदीवर वसंतात थांबणारे सँडहिल क्रौंच दिवसाचा बराच वेळ मक्याच्या शेतात घालवतात, तरी ओल्या कुरणात जाऊन गांडुळं आणि गोगलगायी खातातच. मादीला उत्तरेला पोचल्यावर लगेच अंडी घालायची असतात, त्याचं सामान ती वाटेतच गोळा करते. मक्याशेजारी ओलं कुरण नसेल तर पक्षी जाड दिसतो, पण अंड्याचं सामान कमी पडतं.

नोंदवही

दोन्हीकडून निसटणारा एक भाग: दाणा घालायचाच असेल तर तो कसा, हे कुणी बोलत नाही. निम्मे घोटाळे तिथले आहेत.

१) बुरशी. टेक्ससमधल्या गेन्स काउंटीच्या आणि न्यू मेक्सिकोतल्या रूझवेल्ट काउंटीच्या शेतांत १९८२ ते १९८७ दरम्यान सुमारे साडेनऊ हजार सँडहिल क्रौंच मेले. काढणीनंतर शेतात राहिलेल्या भुईमुगाच्या शेंगांवर थंडी-पावसात फ्युझेरियम बुरशी वाढली, तिच्या विषाने मानेचे स्नायू लुळे पडले. पक्षी उभा असायचा आणि डोकं जमिनीला लोंबायचं, उडताना मान खाली लटकायची. तो दाणा कुणी मुद्दाम टाकलेला नव्हता. उपाय काय निघाला, तर शेंगा नांगरून मातीत गाडणे. म्हणजे वर 'सुगीनंतर' ज्या नांगरटीला नावं ठेवतायत, तीच तिथे औषध ठरली. पीक कोणतं आणि हवा कोणती यावर सगळं अवलंबून.

२) साठवणीच्या दाण्यात ओल १३-१४ टक्क्यांच्या आत हवी. जास्त असेल तर पोत्याच्या आत आधी बुरशी धरते, वरून काही दिसत नाही. पोत्याच्या मध्यात हात घालून बघा. गरम लागलं तर तो माल टाकून द्या, 'पक्ष्यांनाच तर घालायचाय' हा विचार नको.

३) ढीग कधीच नको. लांब, विरळ पट्टे, आणि रोज नवी ओळ. त्या दिवशी संपेल एवढंच. संध्याकाळी शिल्लक दिसली तर दुसऱ्या दिवशी तेवढं कमी. ओल्या शिल्लक दाण्यावर बदकं रात्री येतात, म्हणजे धागाकर्ता सांगतो ती विषाणूची साखळी आपणच जोडतो.

४) मेलेला पक्षी उजाडताच उचलायचा, कावळ्यांच्या आधी. हातमोजे, मास्क, बूट बुडवायला जंतुनाशकाचं घमेलं. इझुमीचा परिसर कोंबड्यांच्या फार्मचा, म्हणून तिथे येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांवरही फवारणी होते.

सुगीनंतर

नोंदवही, तिसऱ्या मुद्द्याशी सहमत. भुईमुगाचं उदाहरण मात्र भाताच्या खाचराला लावू नका. भाताची सांड थंड, कोरड्या हिवाळ्यात बरीच टिकते. चोरवोनला कापणीनंतर पेंढा शेतातच ठेवायला आणि खाचरात पाणी भरून ठेवायला शेतकऱ्यांना मोबदला देतात. एकाच शेतात खाणं आणि रातथारा दोन्ही. तिथे तर माणसाचा वावरच कमी, कारण लष्करी नियंत्रणाचा पट्टा. याला 'कृत्रिम दाणा' म्हणायचं की 'अधिवास' ते आता धागाकर्त्यानेच सांगावं.

गाळपाय

याला मी अधिवासच म्हणेन. फरक असा: दाणा शेतभर विखुरलेला असतो, पक्षी तो स्वतः शोधतो, गट पांगतात. पिकाचा पट्टा पक्ष्यांसाठी उभा ठेवणं हेही त्यातच. रशियात अमूरकाठी मुराव्योव्का उद्यानात पांढऱ्या मानेचे आणि इतर क्रौंच थांबावेत म्हणून खास मका, गहू पेरतात. माझा विरोध एका जागी, ठरल्या वेळी, गाडीतून टाकल्या जाणाऱ्या धान्याला आहे. गाडीच्या आवाजावर हजारो पक्षी धावत येतात ती स्थिती नको.

लव्हाळा

मग भरतपूरचं काय म्हणाल? केवलादेवला ना गाडी, ना धान्य. पाण्यातले लव्हाळ्याचे आणि मोथ्याचे कंद हेच अन्न. १९६४-६५ च्या हिवाळ्यात तिथे सुमारे २०० सायबेरियन क्रौंच होते, शेवटची जोडी दिसली २००१-०२ मध्ये.

१९८२ मध्ये उद्यानात म्हशी चारायला बंदी आली. त्यावरून गोळीबारापर्यंत गोष्ट गेली. नंतर पॅस्पॅलम गवताने उथळ पाण्याची गादी करून टाकली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासाचा निष्कर्ष हाच होता की म्हशींची चराई ते गवत आटोक्यात ठेवत होती. गवताची दाट चटई झाली की खाली कंद असला तरी चोच पोचत नाही, मोकळ्या पाण्याचे तुकडे आकसतात, मासेही कमी होतात. म्हणजे 'माणसाला बाहेर काढा, अधिवास आपोआप नीट होतो' हेही खरं नाही. पाणथळीला चराई, कापणी, जाळणी यांपैकी काहीतरी लागतंच. आणि चराई म्हणजे मोकाट गुरं नव्हे. किती म्हशी, कोणत्या महिन्यात, पाणी चढायच्या आधी की नंतर, हे ठरवून.

त्यात पाणी. उद्यानाला वर्षाला सुमारे ५५ कोटी घनफूट पाणी लागतं. ते यायचं अजान बांधातून, गंभीर आणि बाणगंगेच्या पुरातून. वर करौली जिल्ह्यात पांचना धरण झालं आणि गंभीरचा पूर थांबला. आता चंबळचं पाणी नळाने आणतात, गोवर्धन नाल्यातून उपसून आणतात. आकडा भरतो, पण पुराच्या पाण्याबरोबर येणारं माशांचं बी नळाच्या पाण्यात येत नाही. कोरड्या पडलेल्या भागात विलायती बाभूळ घुसली ती वेगळीच. झाड नुसतं तोडून चालत नाही, बुंध्यातून चौपट फुटतं. मूळ उपटावं लागतं, आणि पुढची दोन-तीन वर्षं पाणी उभं राहिलं तरच रोपं मरतात.

उत्तरवारा

लव्हाळा, भरतपूरच्या घटीचं खापर गवतावर फोडणं मला पटत नाही. गवताने गैरसोय झाली असेल, पण साध्या क्रौंचांना आणि सारसांना तिथे जागा मिळतच होती. सायबेरियन संपले वाटेवर. हा थवा पश्चिम सायबेरियात कुनोवात नदीच्या खोऱ्यातून निघून अफगाणिस्तान-पाकिस्तानवरून यायचा. तिथल्या काही खोऱ्यांत क्रौंच पकडण्याची जुनी पद्धत आहे. पाळीव क्रौंच ओरडायला बांधून ठेवायचे, खाली आलेल्या थव्यात शिशाचं वजन बांधलेली दोरी फेकायची, पाय किंवा पंख गुंतला की पक्षी खाली. बंदुका आल्यावर त्यात भर. अंडी दोनच, त्यातून बहुधा एकच पिल्लू मोठं होतं, आणि पक्षी वयात यायला वर्षं लागतात. दर प्रवासात दोन-चार मोठे पक्षी गेले तरी असा छोटा थवा भरून निघत नाही.

आणि एकदा वाट माहीत असलेले पक्षी संपले की अधिवास कितीही सुधारा, उपयोग नाही. क्रौंचाची वाट शिकलेली असते. पिल्लू पहिल्या शरदात आईबापांबरोबर उडतं तेव्हा ती कळते. व्हूपिंग क्रौंचांवरच्या २०१३ च्या अभ्यासात गटातला सर्वांत वयस्क पक्षी जितका मोठा, तितका गट मार्गावरून कमी भरकटतो असं दिसलं. भरतपूरला १९९० च्या दशकात पिंजऱ्यात वाढवलेले सायबेरियन साध्या क्रौंचांच्या सोबतीला सोडून पाहिले, पण साधे क्रौंच उत्तरेला निघाले तेव्हा ते मागेच राहिले. इराणमध्ये फेरेयदूनकेनारला वर्षानुवर्षं एकटा येणारा सायबेरियन क्रौंच 'ओमीद' तुम्हाला ठाऊक असेल. २०२३ च्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वाढलेली 'रोया' त्याच्याजवळ सोडली. मार्चमध्ये दोघं निघाली, रोया थोड्याच अंतरात मागे पडली.

जाता जाता: ओमीद त्या जागी टिकला त्याचं एक कारण बदकं पकडणाऱ्यांचे दामगाह. तिथे जाळ्याने बदकं धरतात, म्हणून बंदूक आणि गोंगाट दोन्हींना मज्जाव. पारध्यांनीच त्याला शांतता दिली. शुद्ध संरक्षणवाद्यांना हे पचत नाही.

नोंदवही

विमानामागून वाट शिकवण्याचा प्रयोगही आहे. २००१ ते २०१५ व्हूपिंगची पिल्लं अतिहलक्या विमानामागे विस्कॉन्सिनहून फ्लोरिडाला नेली. वाट त्यांनी शिकली, स्वतः परतली, जोड्या झाल्या. अडलं कुठे? घरट्यावर. विस्कॉन्सिनमधल्या नेसीडाच्या दलदलीत अंडी उबवण्याच्या ऐन दिवसांत चावऱ्या काळ्या माश्या उठतात. अंड्यावर बसलेला पक्षी डोकं झाडत राहतो, शेवटी घरटं सोडून जातो, आणि असं एकाच आठवड्यात बहुतेक जोड्यांचं होतं. वाट, हिवाळी जागा, घरट्याची जागा, तिन्ही लागतात. आपण तिन्ही धागाभर एकात कालवतोय.

सुगीनंतर

म्हणजे माझं म्हणणं आणखी पक्कं झालं. वाट शिकलेले पक्षी हीच खरी ठेव असेल तर हिवाळ्यात त्यांना उपाशी ठेवून प्रयोग करणं सगळ्यात महागडं.

सायबेरियनला दाणा चालत नाही म्हणता, पण पोयांगला तो आता सरोवराबाहेरच्या शेतांवर उतरतोच आहे. नानचांगजवळ वूशिंगला कमळकंदाची शेतं त्यांच्यासाठी राखून ठेवलीत आणि हजारांच्या घरात पक्षी तिथे खातात. २०२० च्या पुरानंतर आणि २०२२ च्या भीषण दुष्काळात ही शेतं नसती तर? अलीकडच्या मोजण्यांत त्यांची संख्या पाच हजारांच्या पुढे गेली आहे, घटलेली नाही.

लव्हाळा

वूशिंग हा विमा आहे, पर्याय नव्हे. कमळाचं शेत चालतं कारण ते पोयांगची नक्कल आहे: गाळ मऊ, पाणी उथळ, कंद जमिनीत. त्यातही करायची पद्धत आहे. कंद काढायचे नाहीत. पाणी एकदम सोडलं तर आठवड्यात सगळं उघडं पडून गाळ कडक होतो, म्हणून वाफ्यावाफ्याने, आळीपाळीने उतरवायचं. एका वाफ्यातलं खाणं संपत आलं की दुसऱ्याचं पाणी खाली घ्यायचं. चोचीला खोलवरचा जाड कंद तुटत नसेल तर वरचा गाळ थोडा सैल करून द्यावा लागतो. आणि एका ठिकाणी हजार पक्षी जमले की धागाकर्त्याचा दाटीचा मुद्दा इथेही आलाच.

पोयांगच्या तोंडावर सुमारे तीन किलोमीटरचा दरवाजांचा बांध घालायची योजना वर्षानुवर्षं चर्चेत आहे. समर्थक म्हणतात, थ्री गॉर्जेस धरण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरताना यांगत्सी नदी उतरते, पोयांग लवकर रिकामं होतं, गाळ अवेळी वाळतो, म्हणून पाणी अडवू. रोग त्यांनी बरोबर ओळखला. पण हिवाळाभर पाणी एका पातळीवर धरलं तर सरकती उथळ पट्टीच थांबते. कडेची एक रांग खाऊन संपली की पुढचे कंद खोल पाण्याखाली. बांध झालाच तर दरवाजे रोज थोडे थोडे उघडून पातळी मार्चपर्यंत उतरती ठेवावी लागेल. सिंचन, नौकानयन आणि शहरांचं पाणी हे सगळं त्याच दरवाजावर मागायला बसलेलं असताना ते पाळलं जाईल, यावर माझा विश्वास नाही.

गाळपाय

बंद म्हणजे उद्या सकाळी बंद, असं मी म्हटलेलं नाही. क्रम महत्त्वाचा. आधी दुसरी जागा, मग कपात.

दक्षिण कोरियात सुन्चॉनच्या खाडीकाठी २००९ मध्ये भातशेतातले विजेचे २८२ खांब काढले. १९९० च्या दशकात तिथे शंभराच्या आत हूडेड क्रौंच यायचे, आता काही हजार येतात. इझुमीला साथ आली त्या हिवाळ्यात बरेच पक्षी तिकडे सरकले. याउलट जपानमध्येच यामागुची प्रांतात याशिरोला जुना थवा दहा-वीसवर आलाय. इझुमीत जायबंदी होऊन बरे झालेले पक्षी तिथे नेऊन सोडले, तरी थवा वाढला नाही. डोंगरातली छोटी दरी, पडीक होत चाललेली खाचरं. नुसते पक्षी हलवून थवा बसत नाही.

तारांचं सांगतो, कारण हे लगेच करण्यासारखं आहे. क्रौंच जाड वाहक तारा बघून वर चढतो, तिथे सर्वांत वरच्या बारीक अर्थ वायरला धडकतो. म्हणून खुणा त्या बारीक तारेवर हव्यात, पाच-दहा मीटरला एक. हलणाऱ्या चकत्या किंवा सर्पिल. रातथाऱ्यापासून पहिल्या एक-दोन किलोमीटरला प्राधान्य, कारण पक्षी पहाटे धुक्यात खालून उडतो. खुणांनी धडका साधारण निम्म्याने किंवा जास्त कमी होतात, शून्य होत नाहीत. शून्य हवं तर भूतानच्या फोबजीखा खोऱ्यासारख्या तारा जमिनीखालून न्या. काळ्या मानेच्या क्रौंचांसाठी त्यांनी ते केलं.

सुगीनंतर

सुन्चॉनलाही हिवाळ्यात भात घालतात, ते गाळलंत. त्याच शेतात बिनऔषधी पिकवलेला भात राखून ठेवतात आणि थंडीत पसरतात. म्हणजे तुमचं सर्वोत्तम उदाहरण माझ्याच पद्धतीचं आहे: तारा काढा, गाड्या थांबवा, आणि दाणाही घाला.

आणि कपातीचा परिणाम होक्काइदोत दिसतोय. २०१५ पासून मोठ्या केंद्रांवर दाणा थोडा थोडा कमी करतायत, पक्षी पांगावेत म्हणून. पांगले, पण दलदलीत नव्हे, गोठ्यांकडे. गाईंच्या मक्याच्या मुरघासात तोंड घालतात, शेणाच्या उघड्या टाक्यांवर साय धरते ती घट्ट जमीन समजून उतरतात आणि बुडतात. कपातीच्या आराखड्यात गोठ्याच्या दाराला जाळी आणि टाकीला कुंपण हे पहिल्या ओळीत हवं होतं.

उत्तरवारा

गोठ्यांचा मुद्दा बिनतोड. माझी एक सूचना दोघांनाही. कपात हिवाळ्याच्या मध्यात करू नका आणि शेवटीही नको. सुरुवातीला करा. पहिले थवे येतात तेव्हा लगेच दाणा टाकायचा नाही, दोन-तीन आठवडे उशीर. आल्या आल्या पक्षी जागा शोधत फिरत असतो, तेव्हाच तो पर्यायी शेत पाहील. एकदा केंद्राला चिकटला की जानेवारीत तो हलत नाही, उभ्या उभ्या खंगतो.

नोंदवही

आणि मोजायचं काय ते आधी ठरवा. एकूण संख्येवर जाऊ नका, मोठे पक्षी वर्षानुवर्षं जगतात, त्यामुळे गडबड झाली तरी आकडा बराच काळ बरा दिसतो. थव्यातली पहिल्या वर्षाची पिल्लं मोजा. सायबेरियनचं पिल्लू पहिल्या हिवाळ्यात दालचिनी रंगाचं डागाळलेलं असतं, दुर्बिणीतून लांबूनही ओळखू येतं. दुसरं, एका रातथाऱ्यावर एकूण पक्ष्यांचा किती टक्का आहे. तिसरं, हिवाळी मुक्कामी किती कुटुंबं आणि किती एकटे. मोजणी पहाटे, पक्षी पाण्यातून उठायच्या आधी, आणि सगळ्या जागांवर एकाच दिवशी. नाहीतर तोच थवा दोनदा मोजला जातो.

गाळपाय

उत्तरवाराची उशिराची कल्पना घेतो, दरवर्षी एक आठवडा पुढे या हिशेबाने. सुगीनंतर, तुमच्यासाठी एक अट आधीच लिहून ठेवू: सलग दोन हिवाळे पिल्लांचा टक्का घसरला, किंवा धसकट आठवडाभर बर्फाखाली गेलं, तर दाणा पुन्हा सुरू, पण कमीत कमी पाच जागांवर विभागून. यावर तुमचं मत?

सुगीनंतर

पाच जागांना हरकत नाही. आठवडा फार झाला. बर्फाखाली तीन दिवस.